मळाचे समान वाटप

मराठी घरातली फरशी रोज पुसली जाते आणि तरीही ती स्वच्छ होत नाही. ही तक्रार नव्हे, हे भौतिकशास्त्र आहे. एक बादली घ्यायची, तिच्यात बूचभर फिनेल ओतायचं, पूर्वायुष्यात बनियन असलेलं एक फडकं त्यात बुडवायचं आणि हॉलच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची. हॉल होईपर्यंत पाणी गढूळ होतं, बेडरूम होईपर्यंत काळं होतं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येईपर्यंत घरभरचा मळ त्या बादलीत एकदिलाने नांदू लागलेला असतो. मग तो स्वयंपाकघरात पसरला जातो. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. समाजवाद या देशात इतक्या काटेकोरपणे दुसऱ्या कुठल्या खात्याने राबवला नसेल.

फरशीला याचं काही वाटत नाही. हल्लीची व्हिट्रिफाइड फरशी म्हणजे गुजरातेतल्या मोरबीहून आलेली, भट्टीत भाजून काचेसारखी झालेली, स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी न पिणारी निर्व्यसनी बाई. व्यसन आहे ते तिच्या शेजाऱ्याला. दोन फरश्यांमध्ये गवंड्याने जो जॉइंट भरलेला असतो तो म्हणजे सिमेंट, बारीक वाळू, थोडा रंग आणि पाणी. पाणी उडून जातं आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात. ही छिद्रं मिळेल ते पितात. चहा, तेल, फिनेलचं पाणी, आमरस, गौरीच्या नैवेद्याचं सांडलेलं पुरण, काही वर्ज्य नाही. त्यातून जॉइंट फरशीपेक्षा केसभर खोल असतो. फडकं वरून जातं, मळकं पाणी खाली उतरतं, पाणी सुकतं आणि मळ तिथेच स्थायिक होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फडकं येतं आणि आणखी थोडा घालून जातं. आपण तो रोज श्रद्धेने भरतो आणि वर्षाने विचारतो, हा काळा कसा पडला?

आमच्या आजोळी शेणाने सारवलेली जमीन होती. तिला जॉइंटच नव्हता. जमीन मळली की तिच्यावर नवीन जमीन यायची, विषय संपला. पण सारवणाच्या आठवणी काढणाऱ्या माणसाला सारवायला लावलं की आठवणी फार लवकर संपतात, म्हणून तो मुद्दा इथेच सोडतो.

या जॉइंटची एकूण लांबी किती, याचा विचार सहसा कुणी करत नाही. दहा बाय बाराच्या स्वयंपाकघरात एक बाय एकची फरशी बसवली, तर आडव्या-उभ्या फटी मिळून 218 फूट होतात. कागदावर रेघा मारून पाहा. हे एका खोलीचं झालं. म्हणजे जुना टूथब्रश घेऊन ‘आज जरा फटी घासून टाकू’ असं म्हणत जी व्यक्ती रविवारी सकाळी खाली बसते, ती प्रत्यक्षात 218 फूट रांगण्याचा संकल्प सोडत असते. तिसऱ्या फुटाला फट पांढरी दिसते आणि हुरूप येतो. विसाव्या फुटाला ब्रशचे केस आडवे होतात. तिसाव्या फुटाला ती व्यक्ती उठते आणि पुढची दोन वर्षं त्या स्वयंपाकघरात तीस फूट पांढरे आणि बाकीचे काळे असा एक नकाशा राहतो. आलेल्या पाहुण्याला त्यावरून घासणाऱ्याची चिकाटी अचूक मोजता येते.

खरं म्हणजे हे जॉइंट दिसतात कुणाला? पंगती जमिनीवर बसत होत्या तेव्हा दिसायचे असतील. आता सगळे सोफ्यावर आणि नजर टीव्हीवर. उरले तीन जण. एक रांगणारं मूल, ज्याला ते दिसताच बोट घालून चाखावेसे वाटतात. दुसरा सिंकखाली आडवा झालेला प्लंबर, जो त्याबद्दल काही बोलत नाही, पण बिलात दाखवतो. आणि तिसरा, नव्याने योगासनं सुरू केलेला गृहस्थ. भुजंगासनातून खाली येताना त्याचं नाक नेमकं दोन फरश्यांच्या मध्ये येतं आणि श्वास सोडायच्या ऐवजी तो ओरडतो, ‘अगं, हे बघितलंस का?’ घरातल्या निम्म्या सफाई मोहिमा योगामुळे सुरू होतात. योगाचे हे फायदे कुठल्या पुस्तकात लिहिलेले नसतात.

मोहीम सुरू झाली की पहिल्यांदा मदतीला धावतं ते कुटुंबाच्या ग्रुपवरचं ज्ञान. ‘व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करा आणि चमत्कार पाहा.’ चमत्कार दिसतो खरा. फसफस होते, फेस येतो, मुलं टाळ्या वाजवतात. पण व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली. दोघं एकमेकांना भिडतात आणि एकमेकांना संपवतात. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, मागे उरतं ते जवळपास खारट पाणी. त्यानंतर आपण ब्रशने जे घासतो त्यानेच काय तो मळ निघतो, श्रेय मात्र फेस घेऊन जातो. ईनो टाकणारे आहेत. टूथपेस्ट फासणारे आहेत. कोला ओतणारेही आहेत. कोलात फॉस्फरिक ॲसिड असतं हे खरं, पण साखरही असते, त्यामुळे डाग निघो न निघो, मुंग्या नक्की येतात.

हे सगळं हरलं की घरातले कर्ते पुरुष बाजारातून ॲसिडची बाटली आणतात. ॲसिडवर आपल्या समाजाची फार श्रद्धा. ओतलं की चर्र आवाज, धूर, ठसका, डोळ्यांत पाणी. ‘बघ, कसं उसळलं! निघतोय मळ!’ उसळतं ते सिमेंट. सिमेंटमधल्या चुन्याच्या घटकांना हायड्रोक्लोरिक ॲसिड खाऊन टाकतं आणि वरचा थर मळासकट वाहून जातो. कपड्यावरचा डाग काढायला कपड्याचा तेवढा भाग कापून टाकला तर डाग नक्की जातो, याबद्दल दुमत नाही. जॉइंट महिनाभर पांढरा दिसतो. मग तो पूर्वीपेक्षा खोल आणि खरखरीत झालेला असतो, दुप्पट वेगाने मळ पितो आणि पुन्हा बाटली येते. असं चार-पाच वर्षं चाललं की जॉइंट संपतो आणि फरशीखाली पाणी जाऊ लागतं. खालच्या मजल्यावरचे लोक छताच्या ओलीचा फोटो घेऊन दारात येतात तेव्हा तो वाद सोसायटीच्या कमिटीत जातो. त्याच्या मुळाशी बाटली होती हे मिनिट्समध्ये येत नाही.

ॲसिडची वाफ बाथरूमच्या नळांवरही बसते आणि त्यांची चमक कायमची घेऊन जाते. जुन्या घरात शहाबादी फरशी असेल, तर ॲसिडचा विचारसुद्धा करू नये. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातलं शहाबाद म्हणजे चुनखडीचा दगड. कोटा तोच, स्वयंपाकाच्या ओट्याचा कडप्पाही त्याच जातीचा. कडप्प्यावर लिंबाची अर्धी फोड पालथी राहिली तर पांढरट गोल उमटतो आणि तो घासून जात नाही, हे प्रत्येक सुगरणीला ठाऊक असतं. लिंबाने जो पोळतो त्याच्यावर आपण बाटलीतलं ॲसिड ओतायला निघतो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ‘एकाने निघत नाही तर दोन्ही टाकू’ म्हणून ॲसिड आणि ब्लीच एकत्र करतात, ते कधीही करू नका. संडास साफ करायच्या पुष्कळ द्रावणांत हायड्रोक्लोरिक ॲसिडच असतं. ते ब्लीचला भेटलं की क्लोरीन वायू सुटतो. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने जो वायू शत्रूच्या खंदकांवर सोडला तो हाच. पाच बाय सातच्या, खिडकी बंद असलेल्या बाथरूममध्ये त्याचा प्रयोग नको.

तर अशा सगळ्या पायऱ्या चढून झाल्यावर आमच्या मजल्यावरच्या काकांनी शेवटी डीप क्लिनिंगवाल्यांना बोलावलं. काका निवृत्त असल्यामुळे देखरेखीला वेळच वेळ. मी दारात चहाचा कप घेऊन उभा, कारण दुसऱ्याच्या घरची सफाई बघण्यात जो निर्मळ आनंद आहे तो स्वतःच्या घरी कधी मिळत नाही.

दोन पोरं आली. यंत्रं जिन्यापाशी ठेवली आणि पहिली दहा मिनिटं ती नुसती बघत होती. थोरला उकिडवा बसला. त्याने एका जॉइंटवर पाण्याचा थेंब सोडला. थेंब आत गेला आणि तेवढी जागा गडद झाली. ‘सीलर मारलेलं नाही, काका. पितंय.’ मग नखाने खरवडून पाहिलं. स्वयंपाकघरातलं काळं नखाला चिकटलं म्हणजे तेल. बाथरूममधलं पांढरं, कडक म्हणजे बोअरच्या पाण्याचा क्षार. नळाखालचं काळं ठिपक्याठिपक्यांचं ती बुरशी. काकांच्या दृष्टीने आतापर्यंत हे सगळं एकच होतं आणि त्याचं नाव ‘घाण’ होतं. पोराच्या हिशेबात तीन वेगवेगळे आजार होते आणि तिघांचं औषध वेगळं. तेलाला अल्कली, क्षाराला सौम्य आम्ल, बुरशीला ब्लीच. आणि एक औषध भरपूर पाण्याने पुरतं धुऊन निघाल्याशिवाय दुसरं बाहेर काढायचं नाही. केमिकलला तो शेवटपर्यंत औषधच म्हणत होता.

मग त्याने कोरडा केर काढला. नीट, कोपऱ्यांतून, यंत्राने ओढून. काका अस्वस्थ झाले. ‘अरे, सकाळी झाडलंय की!’ पण कोरडी धूळ राहिली आणि तिच्यावर पाणी पडलं की तिचा चिखल होतो, आणि चिखल कुठे जातो हे वर सांगितलंच आहे. त्यानंतर फ्रिजमागच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात औषधाचा एक फवारा मारून रंग उडत नाही ना ते पाहिलं, आणि मग स्वयंपाकघरभर औषध फवारलं.

आणि ती दोघं बसली.

सरळ भिंतीला टेकून बसली. धाकट्याने मोबाइल काढला. दोन मिनिटं काकांनी सोसलं. तिसऱ्या मिनिटाला म्हणाले, ‘घासत का नाही?’

‘मुरू द्या, काका.’

पाचव्या मिनिटाला काकांनी घड्याळ पाहिलं. सातव्या मिनिटाला ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी सुरू होणारं एक वाक्य आलं. दहाव्या मिनिटाला काका स्वतः ब्रश घेऊन खाली वाकले, तेव्हा थोरल्याने त्यांच्या हातातून तो हळूच काढून घेतला आणि एका ठिकाणी औषध सुकत आलं होतं तिथे पुन्हा फवारा मारून परत टेकून बसला. पैसे घासण्याचे ठरले होते, बसण्याचे नाही, हा काकांचा मुद्दा. माझ्या मते पैसे बसण्याचेच होते. घासणं ज्याला त्याला येतं.

1959 साली हेंकेल या जर्मन कंपनीतल्या हर्बर्ट झिनर नावाच्या रसायनतज्ज्ञाने सफाईची सगळी विद्या एका वर्तुळात बसवली. कुठलीही सफाई चार गोष्टींनी होते. रसायन, घासण्याचा जोर, उष्णता आणि वेळ. एक कमी केली की बाकीच्यांनी ती भरून काढायची. आजही हॉटेलं, इस्पितळं, विमानतळ यांच्या सफाई कामगारांना हेच वर्तुळ शिकवतात. आपल्या घरी या चारांपैकी रसायनाचा अतिरेक आणि जोराची कमाल, एवढंच चालतं. पाणी थंड आणि वेळ शून्य. ज्या घरात कैरीचं लोणचं मुरायला महिनाभर बरणीकडे कुणी फिरकत नाही, त्या घराला फरशीवरचं औषध पंधरा मिनिटं मुरू देणं जड जातं. मनगटाचा जोर दाखवला नाही तर काम झाल्यासारखं वाटत नाही. घाम आला पाहिजे. घाम येऊन फरशीवर पडला आणि जॉइंटमध्ये गेला तरी चालेल.

पंधरा मिनिटं झाल्यावर पोरांनी गोल ब्रशचं सिंगल डिस्क मशीन फिरवलं. ते मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे फेरे घेतं. फार वेग नाही, पण वजन असतं. कडेकोपऱ्यांत आणि हट्टी फटींत अरुंद, टोकदार नायलॉनचा हातब्रश. काकांनी तारेचा ब्रश पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. तार सिमेंट ओरबाडते आणि तिचे तुटलेले कण फटीत अडकून गंजतात, मग काळ्याच्या जागी तांबूस.

पण खरा क्षण त्यानंतरचा. वर आलेलं ते सगळं मळकं पाणी त्यांनी पुसलं नाही. वेट व्हॅक्यूमने ओढून घेतलं. पुन्हा गरम पाणी टाकलं, पुन्हा ओढलं. मग टाकी उघडून काकांना दाखवली. काळपट तपकिरी पाणी, केसांचे दोन-तीन गुंते, कुठल्याशा डाळीचे दाणे, आणि मधूनच चमचम करणारी मागच्या दिवाळीची रांगोळी. ‘हे आमच्या घरातलं?’ काकांचा आवाज खाली आला होता. काकूंनी बाहेर येऊन पाहिलं आणि म्हणाल्या, ‘नाही हो, त्यांनी आधीच्या घरचं आणलं असेल.’

एवढीच गोष्ट आहे बघा. बाकी सगळी अवजारं, औषधं, पॅड, ब्रश नंतर. मळ सुटा करायचा आणि मग तो घराबाहेर काढायचा. आपण पहिलं अर्धं करतो आणि दुसरं कधीच करत नाही. यासाठी मशीनच हवं असंही नाही. धुण्याच्या पावडरीतल्या डाग काढणाऱ्या मंडळींपैकी सोडियम परकार्बोनेट वेगळं मिळतं. गरम पाण्यात त्याचा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा होतो. ते फटींवर घालायचं, पंधरा-वीस मिनिटं दुसऱ्या खोलीत जाऊन पेपर वाचायचा, परत येऊन घासायचं, आणि मग वायपरने पाणी एका जागी आणून सुपलीत भरून ओतून द्यायचं. उरलेलं जुन्या टॉवेलने टिपायचं. टिपायचं, फिरवायचं नाही. बाथरूममधला क्षार काढायचा असेल, तर लिंबूसत्वाचं पातळ द्रावण पुरतं, पण आधी जॉइंट साध्या पाण्याने भिजवून घ्यावा. आधीच पाणी पिऊन बसलेला जॉइंट आम्ल कमी पितो.

काकांच्या फटी दुसऱ्या दिवशी राखाडी-पांढऱ्या दिसत होत्या. दोन-तीन ठिकाणी डाग राहिले. सिलिकॉनच्या आत शिरलेली बुरशी निघत नाही, ती पट्टी कापूनच बदलावी लागते. आणि एका भिंतीपाशी खालून ओल येऊन खार फुटत होता, तिथे थोरल्याने स्पष्ट सांगितलं, ‘हे आम्ही पुसू, ते पुन्हा येणार. प्लंबर बोलवा.’ पैसे घेऊन जाणारा माणूस इतकं खरं बोलला याचा काकांना धक्का बसला. जॉइंट सुकल्यावर सीलर मारलं. त्यानंतर काही दिवस काकांच्या घरी जाणाऱ्याला चपला लिफ्टपाशीच काढाव्या लागत आणि चहा मागितला तर तो कपात अर्धाच मिळे.

मग कामाच्या मावशी आल्या. बादली, फिनेल, फडकं. काका आडवे आले. त्यांनी वर्तुळासकट सगळं समजावलं आणि म्हणाले, ‘दर खोलीला पाणी बदलत जा.’ मावशी शांतपणे म्हणाल्या, ‘बदलते की. पण तुमच्या इमारतीला पाणी येतं सकाळी अर्धा तास, मला अजून चार घरं आहेत आणि तुमच्याकडे बादली एकच आहे. दुसरी द्या.’ हर्बर्ट झिनरला हा मुद्दा सुचला नव्हता. काकांनी त्याच संध्याकाळी दुसरी बादली आणली. एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत पिळायचं. इस्पितळांतून ही दोन बादल्यांची पद्धत कधीपासून चालते. घरोघरी ती का नाही, याचं उत्तर मावशींकडे मागू नये, आपल्या माळ्यावर शोधावं. तिथे रिकाम्या बादल्या असतात.

आता ज्यांचं घर व्हायचं आहे किंवा ज्यांचं बाथरूम उकरून पडलेलं आहे, त्यांना दोन गोष्टी सांगतो. ओल्या जागी सिमेंटच्या ऐवजी इपॉक्सी भरून घ्या. ते पाणी पीत नाही. महाग पडतं आणि गवंडी कुरकुर करतो, कारण ते लवकर घट्ट होतं, हाताला चिकटतं आणि फरशीवर सांडलेलं वेळेत पुसलं नाही तर ते तिथेच राहतं. कुरकुर करू द्या, पण तो पुसतोय की नाही तेवढं जवळ उभं राहून बघा. आणि फरशी बसवून झाली की तो हमखास विचारेल, ‘व्हाइट भरू ना?’ आपल्या तोंडून आपोआप ‘हो’ निघतं, कारण पांढरं म्हणजे स्वच्छ असं आपल्या डोक्यात पक्कं आहे. तिथे जीभ आवरा आणि राखाडी सांगा. पांढरा सांगितलात तरी दोन वर्षांनी राखाडीच मिळणार आहे, फक्त मधली दोन वर्षं घरात भांडणं होतील.